आमच्या गल्लीची गटार: वॉर्डसभेपासून काँक्रीटपर्यंत

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या गल्लीत पक्की गटार झाली. मागणी लेखी दिली होती २०२३ च्या ऑक्टोबरात. मधला काळ कुठे गेला, कुठल्या कागदानं काम पुढे सरकलं आणि कशावरून अडून बसलं, हे सगळं मी एका वहीत तारखा घालून लिहून ठेवलं होतं. शेजारच्या दोन गावांतल्या बायका विचारायला आल्या, तेव्हा वाटलं की एकदाच नीट लिहून टाकावं.

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीकडचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि ती माणसं रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत. माझं माहेर महाराष्ट्रातलं, गडहिंग्लजकडचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पंचायत म्हणजे ग्रामसेवक आणि सरपंच एवढंच डोक्यात होतं. इथे ग्रामसेवक नाही, पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो. सरपंचाला अध्यक्ष म्हणतात. आणि एकाच पंचायतीत चार-पाच गावं असतात. एकेका वॉर्डातून दोन-तीन मेंबर निवडून येतात, त्यामुळे 'आमचा मेंबर' म्हणून नक्की कुणाला धरायचं हेही कळत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

गल्लीतून कच्ची चर जायची. धुण्याभांड्याचं पाणी, वरच्या गोठ्यातलं पाणी, सगळं त्यातूनच. गल्लीच्या मध्यावर उंचवटा असल्यानं पाणी पुढे जायचं नाही, आमच्या आणि शेजारच्या आक्कांच्या दारात काळं होऊन थांबायचं. पावसाळ्यात तर ते उंबऱ्याला लागायचं. माझं शिवणकाम घरातच चालतं, ब्लाऊज द्यायला येणाऱ्या बायका फळीवरून तोल सावरत आत यायच्या. मेंबरांना दर वर्षी सांगायचो. उत्तर ठरलेलं: "बघू की वैनी, ह्या खेपेला घालतो."

गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्याही दारात पाणी आलं तेव्हा ते म्हणाले, "तोंडी सांगितलेलं पंचायतीत कुठं ऱ्हात नाही. वॉर्डसभेत कागद दे. पुढच्या वर्षीच्या पैशाचं आत्ताच ठरतंय." माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आली. आपण पाणी तुंबलं की जुलैत ओरडतो. त्या वर्षाची क्रियायोजना, म्हणजे वर्षभराच्या कामांची यादी, तोवर कधीच मंजूर झालेली असते. एप्रिलपासून होणारी कामं आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरात ठरतात, तेव्हा पाऊस संपलेला असतो, चर वाळलेली असते आणि गटारीची आठवण कुणालाच नसते.

कर्नाटकात यासाठी १९९३ चा ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा आहे. त्यात वॉर्डसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यायला सांगितली आहे. वॉर्डातल्या मागण्या आधी तिथे, मग ग्रामसभेत, मग पंचायतीच्या क्रियायोजनेत, असा रस्ता आहे.

अर्ज लिहायला बसलो. आधी मराठीत लिहिला. पंचायतीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, म्हणून गुरुजींनी सांगितलं त्याप्रमाणे कन्नड मजकूर मुलीनं लिहिला. ती मराठी शाळेत आठवीत होती, तिथे कन्नड असतंच. मला कन्नड बोललेलं समजतं, वाचता येत नाही. नंतर बेळगावात तहसील कार्यालयाजवळच्या टायपिंगवाल्याकडून तो टाइप करून घेतला, ५० रुपये. मागे मराठी अर्जही जोडला. कागदपत्रं मराठीत मिळावीत हा आपला हक्काचा आणि मोठा विषय आहे, त्यावर लोक वर्षानुवर्षं लढत आहेत. पण गटार पाहिजे तर दोन्ही जोडा, म्हणजे 'समजलं नाही' हे कारण उरत नाही. अर्जावर गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घेतली, शक्यतो बाईची. दोन प्रती केल्या, दुसरीवर पंचायतीचा शिक्का आणि आवक नंबर. शिक्का देताना क्लार्क म्हणाला, सभेतच द्या की. मी म्हटलं, सभेतही देते. शिक्क्याची प्रत मात्र घेतलीच पाहिजे, पुढे वर्षभर तीच उपयोगी पडली.

११ ऑक्टोबर २०२३, बुधवार. मारुतीच्या देवळात वॉर्डसभा. आदल्या दिवशी कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यावरून पुकारलं होतं. त्या वर्षी बायका भरपूर आल्या. गटारीसाठी नव्हे, गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार ज्यांच्या खात्यावर आले नव्हते त्या आल्या होत्या. पहिला पाऊण तास आधार लिंक आणि रेशनकार्डातच गेला. मग पीडीओ मॅडमनी मागण्या विचारल्या. मी उठून अर्ज वाचला, तेव्हा पाय थरथरत होते. देवळात भजनाशिवाय कधी आवाज काढला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आयतु (झालं), नोंद करू." नोंद बिल कलेक्टर, म्हणजे पंचायतीचा करवसुलीवाला, करत होता. सभा उठताना गुरुजींनी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेची नोंदवही, मागून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. आमच्या गल्लीची ओळ त्यात होती, पण 'चर साफ करणे' अशी. पक्की गटार आणि चर साफ करणे ह्यात अडीच लाखांचा फरक आहे. तिथेच दुरुस्त करून घेतलं आणि मगच सह्या केल्या. कुठल्याही सभेतून घरी जायची घाई करू नका, शेवटच्या पाच मिनिटांत काय लिहिलं ते वाचून घ्या.

नोव्हेंबरात शाळेत मुलांची ग्रामसभा झाली. मक्कळ ग्रामसभा म्हणतात तिला, कर्नाटकात पंचायती दर वर्षी घेतात. मला वाटलं होतं भाषणं, बिस्किटं आणि फोटो. बिस्किटं आणि फोटो होतेच. पण आमच्या मुलीनं उठून विचारलं की पंचायतीच्या वाचनालयाचे पत्रे गळतात, पुस्तकं भिजून फुगली आहेत आणि मराठी पेपर का येत नाही. ह्याची मला काहीच कल्पना नव्हती, घरी आल्यावर सांगितलं. पत्र्याखालच्या टेबलावर प्लास्टिकचा टब ठेवलेला असतो आणि मुलं त्याच्या कडेनं बसून वाचतात, हे मी नंतर जाऊन पाहिलं. तेव्हापासून आमच्या मागण्या दोन झाल्या, गटार आणि वाचनालय. दोन्हींचं पुढे जे झालं ते इतकं वेगळं की त्यातूनच मला पंचायतीच्या पैशाचा हिशेब समजला.

ग्रामसभा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती, ती पुढे गेली. ४ ते १५ डिसेंबर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन होतं. बेळगावच्या लोकांना हे सांगायला नको, त्या दिवसांत कुठल्याही ऑफिसात गेलं तरी साहेब अधिवेशनाच्या ड्युटीवर. सभा झाली २१ डिसेंबरला. नोडल अधिकारी म्हणून दुसऱ्या खात्याचे एक साहेब आले होते, ते बहुतेक वेळ मोबाइलमध्येच होते.

त्या सभेत पीडीओ मॅडमनी एका वाक्यात सांगितलेलं मी घरी येऊन वहीत नीट मांडलं. पंचायतीकडे कामाचे पैसे तेव्हा मुख्यत: तीन खिशांतून यायचे. एक, केंद्राकडून येणारा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. दोन, रोजगार हमी. तीन, घरफाळा-पाणीपट्टीतून जमलेले स्वत:चे पैसे, ज्याला पंचायतीत 'वर्ग १' म्हणतात. वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के बांधील असायचे: अर्धे स्वच्छतेसाठी, अर्धे पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेले ४० टक्के मोकळे, पंचायतीला गरजेप्रमाणे वापरता यायचे, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही.

आता सभेत काय झालं बघा. रस्ता, पेव्हर, बसथांबा, समाजमंदिराचं कंपाउंड, हायमास्ट दिवा, सगळ्यांची नजर त्या ४० टक्क्यांवर. दोन गावांचे मेंबर एकमेकांच्या अंगावर जायचे बाकी होते. आमची गटार सांडपाणी व्यवस्थापन म्हणून ६० टक्क्यांत बसवता येते असं मॅडम म्हणाल्या, आणि तिथे फारशी स्पर्धाच नव्हती. दोन मिनिटांत यादीत गेली. वाचनालयाचे पत्रे मात्र मोकळ्या पैशातले. त्याला पेव्हरशी, दिव्याशी, बसथांब्याशी झुंजावं लागणार, आणि वाचनालयाच्या बाजूनं हात वर करणारे चौदा वर्षांच्या आतले. ते 'पुढील वर्षी विचार' मध्ये गेलं. म्हणून सांगते, मागणी करायच्या आधी ती कुठल्या खिशातून निघेल ते विचारा. एकच मागणी वेगळ्या शब्दांत लिहिली की वेगळ्या खिशात जाते. ह्यात लबाडी काही नाही, 'रस्त्याकडेची गटार' आणि 'घरगुती सांडपाण्याची गटार' ह्यातली दुसरी आमच्याकडे खरंच होती.

त्याच सभेत एक बोचणारी गोष्टही झाली. बिल कलेक्टरनं थकबाकीची यादी वाचली, तीत आमच्या गल्लीतली बरीच घरं. कुणीतरी मागून म्हणालं, "फाळा भरायला नको, गटार पाहिजे." चिडून घरी आले आणि आमची पावती काढून बसले. वरची रक्कम ८०० रुपये घरफाळा. त्याखाली आरोग्य कर १२०, शिक्षण कर ८०, ग्रंथालय कर ४८, भिक्षुक कर २४. म्हणजे १५, १०, ६ आणि ३ टक्के. एकूण १०७२. इतकी वर्षं भरत होतो, खालच्या ओळी कधी वाचल्या नव्हत्या. दर वर्षी ४८ रुपये वाचनालयाच्या नावानं जात होते. ती पावती मी पाकिटात घालून ठेवली. जानेवारीत आम्ही चार बायका घरोघर गेलो आणि गल्लीची थकबाकी बरीचशी भरून टाकली. एक-दोघांची खरंच ऐपत नव्हती, त्यांच्या मागे लागलो नाही. त्यानंतर तो टोमणा परत ऐकू आला नाही.

फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आमच्या पंचायतीची २०२४-२५ ची योजना दिसायला लागली. लॉगिन काही लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडत जायचं. मोबाइलवर उघडतं, पण अक्षरं मुंगीएवढी. शाळेच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. कामाचं नाव 'अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत' असं असतं, आणि सगळी मेख त्यातच आहे. आमच्या कामाचा 'तमका' गल्लीच्या मध्यावरचा होता. म्हणजे उंचवट्यापर्यंतच गटार, पाणी तिथेच थांबणार, फक्त आता सिमेंटमध्ये. शिक्क्याची प्रत घेऊन पंचायतीत गेले. तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं, यादी वर गेली, आता बदल होत नाही. मॅडमना भेटले, त्यांनी वॉर्डसभेचं प्रोसिडिंग काढून पाहिलं आणि पुढच्या मासिक सभेत ठराव घालून नाव दुरुस्त केलं. ते वॉर्डसभेतलं वाचन त्या दिवशी कामाला आलं.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मेला. निकाल लागून आचारसंहिता उठेपर्यंत जून उजाडला. यादीत नाव, योजना मंजूर, पण नवीन काम सुरू करायचं नाही. या काळात पंचायतीत जाऊन काही उपयोग नव्हता आणि मी गेलेही नाही. लग्नसराईची शिलाई होती, ती केली.

जूनमध्ये पाऊस. मग सगळे म्हणाले, आता दिवाळीनंतर. हे अर्धं खरं आहे. काँक्रीट पावसात करता येत नाही, पण मोजमाप करता येतं. किंबहुना आता माझं मत असं आहे की गटारीचं एस्टिमेट पावसातच करून घ्यावं. उन्हाळ्यात इंजिनिअर आला की टेप लावतो, लांबी लिहितो आणि जातो. जुलैत सलग पाऊस लागला होता, शाळांना सुट्टी होती, तेव्हा आमचे जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेब आले. छत्री धरून गल्लीच्या मध्यावर उभे राहिले आणि पाणी उलटं आमच्या दाराकडे येताना त्यांनी स्वत: पाहिलं. बूट भिजले त्यांचे. तिथेच त्यांनी वहीत उंचवट्याच्या ठिकाणी खोली वाढवून लिहिली. लांबी ७० मीटर, अंदाज सुमारे अडीच लाख.

मग खरा प्रश्न त्यांनीच विचारला: "हे पाणी शेवटी सोडायचं कुठं?"

ह्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. गल्ली संपते तिथे रस्ता, रस्त्यापलीकडे एकाचं भातशेत, शेतापलीकडे ओढा. गटार रस्त्यापर्यंत आणली तर सगळ्या गल्लीचं साबणाचं पाणी त्यांच्या भातात. त्या शेताचे मालक अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "तुमची घाण माझ्या ताटात नको." त्यावर काय बोलणार? गल्लीतल्या पोरांनी 'सरकारी कामात अडथळा' वगैरे सुरू केलं, त्यांना गुरुजींनी गप्प केलं. जेईंनी सांगितलं की पाणी कुठं सोडायचं हा तिढा सुटल्याशिवाय एस्टिमेट पुढे पाठवणार नाही, आणि ते बरोबरच होतं. अर्धवट सोडलेल्या गटारी तालुक्यात कमी नाहीत.

ऑगस्ट ह्यातच गेला. अण्णांच्या घरी मी गेले, मग त्यांच्या घरच्या काकू आमच्याकडे आल्या. त्यांचंही खरं होतं: चर होती तेव्हा निम्मं पाणी वाटेतच जिरायचं, पक्की गटार झाली की थेंब न् थेंब त्यांच्याकडे जाणार. मार्ग निघाला तो दोन तुकड्यांत. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी रोजगार हमीतून शोषखड्डा घ्यायचा, म्हणजे मोरीचं पाणी घरीच जिरेल. त्याला जॉबकार्ड लागायचं, आणि मजुरी तेव्हा दिवसाला ३४९ रुपये होती. सात घरांनी खड्डे घेतले. उरलेलं पाणी रस्त्याखालून पाइप टाकून शेताच्या बांधाकडेनं ओढ्यापर्यंत न्यायचं, आणि पाइपाच्या तोंडाशी गाळ बसायला चौकोनी टाकी. बांधाकडेनं पाइप न्यायला अण्णांचं संमतिपत्र. ते गणपतीत, मंडळाच्या मांडवात बसून लिहिलं, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या. गणेश चतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. त्यांनी एकच अट घातली, टाकीतला गाळ दोन महिन्यांनी निघाला पाहिजे. आम्ही हो म्हटलं. पाइपाचा खर्च वाढला, तो बसवायला जेईंनी गटारीवरच्या फरशा कमी केल्या: फक्त दारांसमोर फरशी, बाकी उघडी.

त्याच सुमारास पंचायतीची जमाबंदी होती. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात गेल्या वर्षीचे हिशेब लोकांसमोर ठेवायचे असतात, तिला जमाबंदी म्हणतात. आमच्याकडे बहुतेकांना हे माहीतच नसतं, खुर्च्या रिकाम्या होत्या. मी पाकिटातली पावती काढली आणि विचारलं, ग्रंथालय कर म्हणून किती जमले आणि वाचनालयावर किती खर्च झाले? उत्तर मिळालं, बघून सांगतो. वाट पाहिली, सांगितलं नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. कर्नाटकात ह्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, हे लक्षात ठेवा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, पानाला २ रुपये. मुदत ३० दिवसांची, उत्तर मुदत संपता संपता आलं. कराची जमा रक्कम होती, खर्चाच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं. मी कुणावर आरोप केला नाही, तो कागद फक्त दुसऱ्या अर्जाला जोडला: हे पैसे वाचनालयाच्या नावानं घेतले आहेत, तर पत्रे वर्ग १ मधून बदलावेत, आणि एक कन्नड, एक मराठी पेपर सुरू करावा. वित्त आयोगाच्या ४० टक्क्यांतल्या रांगेतून ते काम बाहेर निघालं.

हे चालू असताना ऑक्टोबरात पीडीओ आणि पंचायत कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं, सगळे बेंगळुरूला. पंचायतीला कुलूप नव्हतं, पण सही करणारं कुणी नव्हतं. त्यांच्या मागण्याही ऐकल्या तर खऱ्या वाटतात. एका पीडीओकडे कधी कधी दोन पंचायतींचा भार असतो. आपलं काम अडलं की हे सुचत नाही.

कामाचा आदेश नोव्हेंबरच्या शेवटी निघाला. २ डिसेंबरला खोदाई सुरू. त्या महिन्यात परत अधिवेशन, आणि २६ ला १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीचा कार्यक्रम, त्यामुळे वरचं कुणी फिरकलं नाही. देखरेख आम्हीच केली. गल्लीतल्या बायकांनी दिवस वाटून घेतले, चहा देण्याच्या निमित्तानं तिथे थांबायचं. तळाचं काँक्रीट झाल्यावर मिस्त्रीनं लेव्हल पाइप लावून उतार दाखवला. आक्कांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी घरातून हंडा भरून आणला, वरच्या टोकाला ओतला आणि पाण्याबरोबर चालत निघाल्या. उंचवट्याच्या जागी, म्हणजे आमच्याच दारासमोर, पाणी थांबलं. दोन बोटं खोली कमी होती. मिस्त्री म्हणाला, वापरात आल्यावर वाहील. आक्का म्हणाल्या, "मग जेईंना बोलावतो, त्यांनी सांगू दे." जेईंना फोन लावायची गरज पडली नाही, दुपारी तेवढा तुकडा तोडून परत घातला. भिंती घातल्यावर हे झालं नसतं, म्हणून हंडा तळ झाल्या झाल्याच ओता.

एका घराचा कट्टा गटारीच्या रेषेत येत होता. तो काढावा लागला आणि ते घर अजून आमच्याशी नीट बोलत नाही. गोणपाट अंथरून पाणी मारायचं काम कंत्राटदाराच्या माणसांवर सोडलं नाही, ज्याच्या दारासमोरचा तुकडा त्यानं मारायचा असं ठरवलं. कामाच्या आधीचा, मधला आणि नंतरचा असे तीन फोटो पंचायत काढते, जागेच्या नोंदीसह. ते काढले का विचारा, बिल त्याशिवाय निघत नाही आणि बिल अडलं की कंत्राटदार शेवटच्या फरशा टाकायला येत नाही. आमच्याकडे फरशा जानेवारीत पडल्या.

खर्चाचं विचारतात म्हणून: टायपिंग, झेरॉक्स, पोस्टल ऑर्डर, माहितीची पानं मिळून तीन-चारशे रुपये, तेही गल्लीत वाटून घेतले. तालुका पंचायतीत बेळगावला जाण्यायेण्याचा खर्च शून्य, शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बस फुकट आहे. आधारवर कर्नाटकचा पत्ता मात्र पाहिजे. माझ्यासारख्या पलीकडून आलेल्यांनी तो आधी बदलून घ्यावा. बुडालेली शिलाई धरली तर माझा खर्च जास्त होतो. कुणाला चहापाण्याला पैसे द्यावे लागले का, असंही विचारतात. आम्हाला कुणी मागितले नाहीत.

वाचनालयाचे पत्रे २०२५ च्या मेमध्ये, पावसाच्या तोंडावर बदलले. पेपरचा ठराव झाला, कन्नड पेपर लगेच सुरू झाला. मराठी पेपर दोन महिने आला नाही, कारण एजंटाचं आधीचं बिल कुणाच्या नावावर काढायचं हे ठरत नव्हतं. आता येतो, दुपारच्या बसनं. मुली संध्याकाळी शब्दकोडं फाडून नेतात, त्यावरून ग्रंथपालांची आणि त्यांची रोज वादावादी.

सध्या अडलंय ते गाळावर. अण्णांना शब्द दिलाय, पण टाकीतला गाळ काढणं हे वॉटरमनचं काम नाही आणि कचरागाडीवाल्यांचंही नाही, असं दोघंही सांगतात. पहिले दोन वेळा गल्लीतल्या पोरांनी काढला. आता तो वर्ग १ मधून मजूर लावून काढावा असा अर्ज दिला आहे, खाली अण्णांचीही सही घेतली आहे. आवक नंबर मिळाला, पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत घालतो म्हणाले आहेत.